जावई 'स्पॉन्सर' करणार म्हणजे नेमकं काय? खर्च कुणाचा, हमी कुणाची आणि मुलीला हक्क काय मिळतात, समजून घ्या

चाकण : "मुलगा परदेशात आहे, लग्नानंतर मुलीला स्पॉन्सर करून नेणार," हे वाक्य आता खेड, मावळ, शिरूर तालुक्यांतल्या सोयरिकीच्या बैठकांमध्ये नवं राहिलेलं नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव पट्ट्यातल्या वाहन कंपन्यांमधून आणि हिंजवडीच्या आयटी पार्कमधून पोरं जर्मनी, अमेरिका, इंग्लंडला जातात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन दुबईला जातात. काही जण तिकडेच स्थायिक होतात आणि मुलगी मात्र गावाकडची बघतात.

पण 'स्पॉन्सर' म्हणजे काय, हे बैठकीत फारसं कुणी विचारत नाही. काही ठिकाणी तर उलटाच अर्थ लावला जातो. व्हिसाची फी, तिकीट, तिकडच्या घराचं डिपॉझिट असं सगळं मुलीच्या बापाने भरायचं, असं सांगितलं जातं. एमआयडीसीत जमीन गेली, मोबदला मिळाला हे गावभर माहीत असतं, त्यामुळे मागणीचा आकडाही तसाच मोठा असतो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. स्पॉन्सर नवरा असतो, सासरा नसतो. बायकोला नेणाऱ्याने तिचा खर्च पेलला पाहिजे, ही अट त्या त्या देशाने नवऱ्यावर घातलेली आहे. ती अट कोणती, ती किती वर्षं चालते आणि मोडली तर काय होतं, हे देशानुसार बदलतं.

पहिला प्रश्न : मुलगा तिकडे कोणत्या व्हिसावर आहे?

पगार किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, हे नंतर विचारा. आधी हे विचारा. परदेशातल्या मुलाचे तीन प्रकार असतात.

१. त्या देशाचा नागरिक.
२. कायम राहण्याचा परवाना असलेला. अमेरिकेत याला ग्रीन कार्ड म्हणतात, कॅनडात पीआर.
३. कंपनीने नोकरीसाठी नेलेला. म्हणजे एच-वन-बी, एल-वन, ब्लू कार्ड किंवा वर्क व्हिसावाला.

पहिल्या दोन प्रकारांत नवरा स्वतः बायकोचा स्पॉन्सर होतो आणि सरकारला बांधील असतो. तिसऱ्या प्रकारात नवऱ्यालाच कंपनीने स्पॉन्सर केलेलं असतं. बायको त्याच्यावर 'अवलंबून' म्हणून जाते. त्याची नोकरी गेली की तिचाही व्हिसा अडचणीत येतो. बोलताना मात्र तिन्ही प्रकारचे मुलगे "मी स्पॉन्सर करतो" असंच म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

अमेरिका : घटस्फोट झाला तरी न सुटणारी हमी

मुलगा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर त्याला 'आय-८६४' नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. हे हमीपत्र म्हणजे थेट अमेरिकी सरकारशी केलेला करार आहे. १९९६ च्या कायद्याने तो कोर्टात बंधनकारक केला. त्यात नवरा लिहून देतो की माझ्या बायकोचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही.

२०२५ च्या तक्त्यानुसार दोन माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती आणि तिघांसाठी ३३,३१२ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर दोघांसाठी साधारण साडेबावीस लाख रुपये होतात. तक्ता दरवर्षी बदलतो. अलास्का आणि हवाई या राज्यांत आकडा जास्त असतो.

कुटुंबात कुणाकुणाला मोजतात, हेही बघा. मुलाच्या पहिल्या लग्नाची लहान मुलं, त्याच्यावर अवलंबून दाखवलेली माणसं, आणि आधी कुणाला स्पॉन्सर केलं असेल व ती हमी अजून चालू असेल तर ती व्यक्ती, हे सगळे मोजणीत येतात. म्हणजे या फॉर्मवरून मुलाची आधीची भानगडही कळू शकते.

उत्पन्न कमी पडलं तर दोन वाटा आहेत. एक, दुसरा कुणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक 'जोड-स्पॉन्सर' होतो. त्याचीही जबाबदारी तेवढीच. दोन, बँकेतली शिल्लक किंवा मालमत्ता दाखवायची. नागरिकाच्या बायकोसाठी जेवढं उत्पन्न कमी पडतं, त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवावी लागते. सहा हजार डॉलर कमी पडत असतील, तर अठरा हजारांची मालमत्ता.

ही हमी कधी संपते? बायको अमेरिकेची नागरिक झाली तर. तिच्या खाती कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम जमा झालं तर. ती ग्रीन कार्ड सोडून कायमची परत आली तर. किंवा दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला तर. घटस्फोटाने ही हमी संपत नाही. नवऱ्याने वाऱ्यावर सोडलं तर बायको या कागदाच्या आधारे अमेरिकेतल्या कोर्टात त्याच्यावर दावा लावू शकते. तिने सरकारी मदत घेतली असेल तर सरकारही नवऱ्याकडून वसुली करू शकतं. म्हणून या हमीपत्राची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या ईमेलमध्ये असायलाच हवी.

खर्चाचं म्हणाल, तर २०२५ मध्ये अर्जाची फी ६७५ डॉलर, व्हिसाची ३२५, हमीपत्र तपासणीची १२० आणि कार्डाची २३५, अशी मिळून १,३५५ डॉलर होती. म्हणजे सव्वा लाखाच्या आतच. मेडिकल तपासणी आणि तिकीट वेगळं. कुणी 'फक्त व्हिसासाठी' दहा-पंधरा लाख सांगत असेल, तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवावा.

वेळेचा फरकही मोठा आहे. नागरिकाच्या बायकोला कोटा नाही, कागदपत्रं तपासून होतील तेवढाच वेळ लागतो. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला कोट्याची रांग लागते, ती काही वर्षांचीही असू शकते. तोवर ती सासरी किंवा माहेरी थांबणार, तर तिचा खर्च कोण करणार, हे लग्नाआधीच ठरवलेलं बरं.

लग्नाला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी ती तिकडे पोचली, तर तिला आधी दोन वर्षांचंच ग्रीन कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुढचा अर्ज करायचा असतो. नवऱ्याने मारहाण केली किंवा घटस्फोट झाला, तर बायको एकटीही अर्ज करू शकते. "मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल," ही धमकी पूर्ण खरी नसते.

एच-वन-बीवाल्या मुलाचं काय?

आपल्याकडे येणारी अमेरिकेची बरीच स्थळं या प्रकारची असतात. इथे आय-८६४ ची हमी नसते. बायको 'एच-फोर' व्हिसावर जाते. तिला लगेच नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा पुढचा टप्पा मंजूर झाला असेल, तरच वेगळा परवाना काढून काम करता येतं. ही सोय २०१५ पासून आहे. मुलगी इंजिनिअर असो की नर्स, सुरुवातीची काही वर्षं तिचं उत्पन्न शून्य असू शकतं. नवऱ्याची नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते.

कंपनीने बदली करून 'एल-वन'वर पाठवलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. चाकणसारख्या पट्ट्यात परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथून अशा बदल्या होतात. त्याच्या बायकोला 'एल-टू' व्हिसावर तिकडे पोचल्यापासून काम करता येतं. मुलीला नोकरी करायची असेल तर या दोन व्हिसांमधला फरक पगारापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

इंग्लंड : उत्पन्नाची अट सगळ्यात कडक

मुलगा ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिथे कायम राहण्याचा परवाना असेल, तर त्याचं वर्षाचं उत्पन्न किमान २९,००० पौंड हवं. पौंड ११५ रुपये धरला तर तेहतीस लाखांच्या वर. आधी ही अट १८,६०० पौंडांची होती, ११ एप्रिल २०२४ पासून वाढवली. मुलीचा इथला पगार यात धरत नाहीत. तिचा चाकणमधल्या कंपनीत कितीही पगार असो, पहिल्या अर्जात त्याचा उपयोग नाही.

उत्पन्न नसेल तर बचत दाखवता येते. पण ती ८८,५०० पौंड, म्हणजे एक कोटीच्या वर, आणि सलग सहा महिने खात्यात असावी लागते. उसनवारीचे पैसे चालत नाहीत. "सासऱ्यांनी चार दिवस खात्यावर टाका, व्हिसा झाला की परत देतो," असं कुणी म्हणालं, तर त्यात व्हिसाही जातो आणि पैसेही.

२०२५ च्या दराने बाहेरून अर्ज करायची फी १,९३८ पौंड होती. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. पहिला व्हिसा दोन वर्षं नऊ महिन्यांचा असतो, पण अधिभार तीन वर्षांचा म्हणजे ३,१०५ पौंड घेतात. दोन्ही मिळून पावणेसहा लाखांच्या आसपास. हा खर्च खरा आहे, थोडा नाही. पण तो नवऱ्याच्या संसाराचा खर्च आहे.

फायदे बघायचे तर मुलीला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते आणि सरकारी आरोग्य सेवा मिळते. मात्र सरकारी भत्ते, घरभाड्याची मदत असलं काही मिळत नाही. तसं तिच्या व्हिसावरच लिहिलेलं असतं. पाच वर्षांनंतर कायम राहण्याचा अर्ज करता येतो. घरात छळ झाला तर नवऱ्याशिवायही कायम राहण्याचा अर्ज करण्याची सोय तिथल्या कायद्यात आहे, आणि तोवर तीन महिने सरकारी मदत मिळू शकते.

मुलगा वर्क व्हिसावर असेल तर २९,००० ची अट लागत नाही. पण काळजीवाहू म्हणजे केअर वर्कर म्हणून नव्याने जाणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून बायको-मुलं नेता येत नाहीत. "केअर व्हिसावर आहे, सहा महिन्यांत मुलीला नेतो," असं कुणी सांगत असेल तर आधी त्याचा व्हिसा कधीचा आहे ते तपासा.

कॅनडा : तीन वर्षांची लेखी जबाबदारी

कॅनडात बायकोला नेण्यासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. पण नवऱ्याला तीन वर्षांचं हमीपत्र द्यावं लागतं. बायकोला पीआर मिळाल्याच्या दिवसापासून ही तीन वर्षं मोजतात. या काळात तिने सरकारकडून निर्वाह मदत घेतली, तर ती रक्कम नवऱ्याला भरावी लागते. घटस्फोट झाला, नोकरी गेली, ती दुसऱ्या गावी राहायला गेली, तरी हमी कायम राहते. नवरा स्वतः सरकारी निर्वाह मदतीवर जगत असेल, तर सहसा तो स्पॉन्सर होऊ शकत नाही. अपंगत्वाची मदत याला अपवाद.

मुलीला मिळणारा पीआर स्वतःचा असतो. पूर्वी काही जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती २०१७ मध्ये काढून टाकली. म्हणजे नवऱ्याशी पटलं नाही म्हणून पीआर आपोआप रद्द होत नाही.

जर्मनी : हमीपत्र कमी, सोयी जास्त

चाकणच्या पट्ट्यात जर्मनीची ओळख जुनी. फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने इथेच आहेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करारही केला. त्यामुळे तिकडची स्थळं पुढे वाढू शकतात.

ब्लू कार्डवर असलेल्या मुलाच्या बायकोला जाण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. मुलगा जर्मन नागरिक असेल तर मात्र सहसा 'ए-वन' पातळीची परीक्षा लागते. नोकरीसाठी गेलेल्या मुलाला पगारात दोघांचं भागतं, हे दाखवावं लागतं. आरोग्य विमाही लागतो. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात, बायकोला उत्पन्न नसेल तर ती नवऱ्याच्याच हप्त्यात बसते, जादा पैसे लागत नाहीत. तिला नोकरीचा पूर्ण परवाना मिळतो. आयकरात दोघांचं उत्पन्न एकत्र करून निम्मं निम्मं धरतात, त्यामुळे एकट्याच्या कमाईवरचा कर बराच कमी होतो. २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो बालभत्ता होता.

म्हणजे जर्मनीत लग्नामुळे नवऱ्याच्या हातात पैसे वाचतात. अशा ठिकाणी 'सोय करायला खर्च येतो' म्हणून सासऱ्याकडे बोट दाखवण्यात काही अर्थ उरत नाही. तीन वर्षं तिथे एकत्र संसार झाला की बायकोला नवऱ्यापासून स्वतंत्र राहण्याचा परवाना मागता येतो. छळ होत असेल तर त्याआधीही.

दुबई : पगाराचा आकडा बघा

संयुक्त अरब अमिरातीत बायकोला नेण्यासाठी नवऱ्याचा पगार महिन्याला किमान ४,००० दिरहम हवा. कंपनी राहायला घर देत असेल तर ३,००० दिरहमही चालतो. चार हजार दिरहम म्हणजे साधारण नव्वद हजार रुपये. तिथे लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत सहा-आठ जण राहणारा मुलगा बायकोला नेऊ शकेल का, हे या आकड्यावरूनच कळतं. दुबईत बायकोच्या आरोग्य विम्याचा खर्चही स्पॉन्सर नवऱ्यानेच करायचा असतो. तिचा व्हिसा नवऱ्याच्या नावाशी बांधलेला असतो. घटस्फोट झाला किंवा नवरा वारला, तर तिला काही काळ मुदतवाढ मिळण्याची सोय आहे.

पैसे मागितले तर कायदा काय म्हणतो?

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार लग्नाच्या निमित्ताने, लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर कधीही दिलेली किंवा द्यायची ठरवलेली रक्कम म्हणजे हुंडा. तिला 'व्हिसा खर्च' म्हणा, 'सेटल व्हायला मदत' म्हणा, नाहीतर 'मुलीच्याच सुखासाठी' म्हणा, नाव बदलून कायदा बदलत नाही. हुंडा घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही किमान पाच वर्षं कैद होऊ शकते. नुसती मागणी केली तरी सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा आहे.

बापाला आपल्या लेकीला खुशीने काही द्यायचं असेल तर त्याची सरळ वाट आहे. पैसे तिच्याच नावाच्या खात्यात, बँकेमार्फत द्यावेत. दागिन्यांची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. परदेशात पैसे पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. २०२५-२६ या वर्षात दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के कर आधीच कापला जाण्याचा नियम होता. तो रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो. रोख देऊ नये, मध्यस्थाच्या हातात तर नाहीच.

जमिनीचा हक्क जातो का?

नाही. मुलगी परदेशात गेली, अगदी तिकडची नागरिक झाली, तरी वडिलोपार्जित जमिनीतला तिचा वारसाहक्क संपत नाही. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर तिला इथे नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली जमीन ठेवता येते. "तू तर परदेशात चाललीस, हक्कसोडवर सही करून जा," असं घाईत करून घेण्याचा प्रकार होत असेल, तर मुलीने वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. चाकणलगतच्या गावांत गुंठ्याला काय भाव आहे, ते वेगळं सांगायला नको.

परदेशी सून इकडे आली तर

उलटंही होतं. मुलगा जर्मनीला जातो आणि तिकडच्या मुलीशी लग्न करून परत येतो. भारतात नवऱ्याच्या उत्पन्नाची ठरावीक अट नाही. परदेशी पत्नी आधी एंट्री व्हिसावर येते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते. लग्न नोंदलेलं असेल आणि दोन वर्षं टिकलेलं असेल, तर ती ओसीआय कार्डासाठी अर्ज करू शकते. भारतात अर्ज केला तर फी १५,००० रुपये. या कार्डाने कायम राहता येतं, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. घटस्फोट झाला तर असं कार्ड रद्द होऊ शकतं. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ओसीआय मिळत नाही. नागरिकत्व हवं असेल तर भारतात सात वर्षं राहिल्यानंतर अर्ज करता येतो.

बैठकीत हे कागद मागा

स्पॉन्सर होणाऱ्या मुलाला पगाराच्या स्लिपा, कराचे रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि व्हिसाची प्रत तिकडच्या सरकारला दाखवावीच लागणार आहे. मग तेच कागद मुलीच्या घरच्यांना दाखवायला हरकत काय? मागायला लाजू नका.

- पासपोर्ट आणि व्हिसा किंवा परवान्याची प्रत. मुदत किती उरली आहे ते बघा.
- गेल्या वर्षीचं कराचं रिटर्न आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा.
- नोकरीचं पत्र. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा.
- आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम.
- आधी कुणाला स्पॉन्सर केलं आहे का, याचं स्पष्ट उत्तर.

लग्न झाल्यावर लगेच नोंदणी करा. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. 'मंगल' आणि 'मंगला' एवढ्या फरकानेही अर्ज अडतो. मूळ दाखला मुलीने स्वतःजवळ ठेवावा. तिचा पासपोर्ट सासरच्या कपाटात देऊ नये.

नवऱ्याने सोडून दिलं तर

लग्न करून नवरा एकटाच परत जातो आणि मग फोन उचलत नाही, असं झालं तर गप्प बसू नका. मुलगी जिथे राहते तिथल्याच कोर्टात, म्हणजे राजगुरुनगर किंवा वडगाव मावळलाही, पोटगीचा अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये ही तरतूद आहे. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.

परदेशातून घटस्फोटाची नोटीस आली तर ती फाडून टाकू नका आणि वकिलाला न विचारता कशावर सहीही करू नका. हिंदू विवाह कायद्याने झालेलं लग्न तिकडच्या कोर्टाने परस्पर मोडलं, तर तो निकाल इथे आपोआप मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. आयोगाची हेल्पलाइन ७८२७१७०१७०. महिला हेल्पलाइन १८१. मुलगी परदेशात अडकली असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. तिथल्या भारतीय दूतावासाकडून वकिलासाठी आर्थिक मदतही मिळू शकते.

फी, उत्पन्नाचे आकडे आणि नियम दरवर्षी बदलतात. एजंटच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका, त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर आकडा बघा. इंग्रजी जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोराला नाहीतर पोरीला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि सोयरिकीच्या बैठकीत 'स्पॉन्सर'चा विषय निघालाच, तर एवढंच विचारा : तुमचा मुलगा तिकडच्या सरकारला काय लिहून देणार आहे, तो कागद आम्हाला दाखवता का?